सात रात्रींचा मावसभाऊ

काही नाती जन्माने येतात, काही लग्नाने. मला एक मावसभाऊ यूपीआयने मिळाला. किंमत २८,००० रुपये, दोन हप्त्यांत. पहिला गणपतीत, दुसरा दसऱ्याच्या आदल्या दिवशी. माझं वय ४४, त्याचं ६८. दोन सख्ख्या बहिणींच्या मुलांत चोवीस वर्षांचं अंतर कसं काय, असं कुणी विचारलंच तर काय सांगायचं, हे आम्ही मांडवी एक्स्प्रेसमध्ये पनवेलपासून चिपळूणपर्यंत घोकत होतो. थोरल्या मावशीचं लग्न फार लवकर झालं आणि आमच्या आईचं फार उशिरा, असं शेवटी ठरलं. आईला या प्रवासाला आणलं नव्हतं ते बरंच झालं. तिला बहीण नाही.

सुरुवात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झाली. पाण्याचा टँकर उशिरा येणार असल्याची सूचना आणि कुणाच्या तरी नातवाला स्केटिंगमध्ये मिळालेलं ब्राँझ यांच्या मधोमध एक मजकूर येऊन पडला: 'गोवा. दिवाळीनंतरचा आठवडा. ७ रात्री. ४ जण. किनारा चालत ५ मिनिटे. फक्त फॅमिली.' त्याच आठवड्याला त्याच भागातली बरी हॉटेलं रात्रीचे आठ-नऊ हजार मागत होती. इथे रात्र चार हजारांना पडत होती. स्वस्त वस्तू दिसली की मराठी माणूस आधी संशय घेतो आणि मग ती वस्तू घेतो. मीही तसंच केलं.

मजकूर पाठवणारे सी विंगमधले शेजारी, पण आठवडा त्यांच्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांचा. त्यांना मी मालककाका म्हणतो. फोनवर आवाज असा, की हा माणूस बँकेचं पासबुकसुद्धा देवघरात ठेवत असेल. "आठवडा माझा आहे," ते म्हणाले. खोली माझी, बंगला माझा असं म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. आठवडा माझा म्हणणारा माणूस पहिल्यांदाच ऐकला. मग त्यांनी मला वीस मिनिटं टाइमशेअर समजावून सांगितलं.

खरं तर कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नसते. एकच घर, सातबाऱ्यावर एकावन्न नावं, गणपती कुणी आणायचा याच्या पाळ्या, आणि कौलं बदलायची वेळ आली की सगळे मुंबईत. फरक इतकाच, की कोकणात हे फुकट वाट्याला येतं आणि टाइमशेअरमध्ये त्याचे पैसे मोजून भाऊबंद व्हावं लागतं. युरोपातल्या लोकांना ही कल्पना सुचायला १९६० चं दशक उजाडलं. स्वित्झर्लंडमध्ये १९६३ साली हापिमाग नावाची कंपनी निघाली. सुट्टीची घरं तिच्या मालकीची, आणि लोक पैसे भरून त्यांत पाळीपाळीने राहायला मोकळे. वर्षाचे आठवडे ५२. एक आठवडा रंगरंगोटीला ठेवला तरी एकच खोली ५१ जणांना विकता येते, हे ज्याच्या प्रथम ध्यानात आलं तो माणूस झोपला कसा असेल, देव जाणे. पुढे १९७४ मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसच्या डीहान पतिपत्नींनी आरसीआय काढली. तिचा धंदा म्हणजे आठवड्यांची अदलाबदल: तुमचा गोव्याचा आठवडा जमा करा, दुसऱ्याचा दुसरीकडचा घ्या. गर्दीचा आठवडा लाल, मधला पांढरा, ओसाड निळा. आपल्याकडे मद्रासला १९८६ साली स्टर्लिंग निघाली, १९९६ मध्ये महिंद्रा आली. (आमची कंपनी यांतली एकही नाही. हे वाक्य वकील मेहुण्याने घालायला लावलं आहे. नाव घालू दिलं नाही.)

मालककाका या भाऊबंदकीत शिरले ते कुकरची रिंग आणायला मॉलमध्ये गेले तेव्हा. तिथे एका हसऱ्या मुलीने फॉर्म भरून घेतला, दोन दिवसांनी फोन: तुम्हाला डिनर सेट लागला आहे, घ्यायला या, मात्र जोडीने या. जोडीने या म्हणतात तेव्हा सत्यनारायण तरी असतो, नाहीतर विक्री. हॉटेलच्या हॉलमध्ये गोल टेबलं, मोठ्याने गाणी, आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी सही केली की घंटा आणि टाळ्या. तीन तासांनी काकूंना शुगरचा त्रास व्हायला लागला म्हणून काकांनी सही केली. पंचवीस वर्षांचं सभासदत्व. युरोपात अशी सही केल्यावर मन बदलायला कायद्याने १४ दिवस मिळतात, फ्लोरिडात १०. आपल्याकडे टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही. काकांचं मन त्याच संध्याकाळी बदललं होतं, पण तोवर डिनर सेट घरी आला होता. पहिल्या दहा वर्षांत ते चारदा गेले. मग काकूंचे गुडघे गेले, मुलगा पुण्याहून बंगळुरूला गेला, आणि आठवडा उरला. दर वर्षी नवा आठवडा आणि दर वर्षी त्याचा मेंटेनन्स. राहा किंवा राहू नका, वर्गणी भरा. अशा माणसाने आठवडा भाड्याने दिला तर मला त्याचा राग येत नाही. निदान तेव्हा येत नव्हता.

"फक्त एक आहे," काका शेवटी म्हणाले. "रिसेप्शनला विचारलंच तर माझे मावसभाऊ म्हणून सांगा. कंपनीला पाहुणा चालतो, गिऱ्हाईक चालत नाही."

इथे मी थांबायला हवं होतं. या सगळ्या व्यवहाराची मेख त्या एका वाक्यात आहे. बहुतेक कंपन्या सभासदाला आपला आठवडा पाहुण्याला देऊ देतात, विकू देत नाहीत. म्हणजे मी पैसे भरले होते खोलीचे, पण मिळाली होती ती पाहुणकी. आणि पाहुण्याला भारतात पाणी मिळतं, पावती मिळत नाही. काही बिघडलं तर कंपनी म्हणणार, आम्ही फक्त सभासदाला ओळखतो. सभासद म्हणणार, कंपनीला विचारा. ग्राहक आयोगात जावं, तर तिथे पहिला प्रश्न: तुम्ही ग्राहक कुणाचे? मी मावसभाऊ आहे.

बायकोला मात्र वेगळीच शंका आली. "मावसच का? चुलत का नाही?"

"चुलत म्हटलं तर आडनाव एकच लागतं," मी म्हणालो. काकांचा या कामातला अनुभव दांडगा असणार, हे तेव्हाच तिच्या ध्यानात आलं.

मडगावला उतरलो तेव्हा अंधार पडला होता. बाणावलीच्या बाजूला रिसॉर्ट. फाटकावरच्या रखवालदाराने काकांनी पाठवलेलं पाहुण्याचं पत्र मागितलं, उलटसुलट पाहिलं आणि आत सोडलं. आत सगळं फोटोतल्यासारखं होतं: माड, निळा तलाव, वाळत घातलेले टॉवेल, आणि हाती कोकम सरबताचा पेला देणारा मुलगा. सरबत घेताना मला वाटलं, उगाच संशय घेतला.

रिसेप्शनवरच्या मुलीने पत्र हातात घेतलं आणि दिव्याखाली धरलं. तिच्याबरोबर मीही ते पहिल्यांदाच नीट पाहिलं. सगळा मजकूर बारीक, सडपातळ अक्षरांत, आणि 'पाहुण्याचे नाव' या रकान्यात माझं नाव तेवढं अंमळ जाड. शिवाय रेघेच्या जरा वर तरंगत असलेलं. जुन्या चपलेला नवा अंगठा लावावा तसं.

"सभासद तुमचे कोण?" तिने विचारलं.

"मावसभाऊ," मी सफाईने म्हणालो.

"व्हॉट्सॲपवाले काका," आमची आठ वर्षांची मुलगी म्हणाली.

मुलीच्या डोक्यावर हात ठेवून मी हसलो. रिसेप्शनिस्ट हसली नाही. ती संगणकात पाहत होती. तिथे त्या खोलीवर दुसऱ्याच माणसाचं नाव होतं, आणि तो दुसरा माणूस त्याच वेळी, चार बॅगा आणि भडंगाचा डबा घेऊन, आमच्या मागे उभा होता.

"मी सभासदांचा मावसभाऊ," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "सांगलीहून आलोय."

मी वळलो. तो माझ्याकडे पाहू लागला. मी ठाण्याचा मावसभाऊ, तो सांगलीचा. क्षणभर दोघांनाही सगळं कळलं आणि त्या क्षणात त्या माणसाने जे केलं त्याला मी आजही मानतो. त्याने डबा खाली ठेवला, दोन्ही हात पसरले आणि मला मिठी मारली. "अरे! तू? केवढा बदललास!" मग कानात, "बोलू नका काही. बाजूला या."

आम्ही शोभेच्या केळीच्या आड गेलो. दोन वहिन्याही आल्या.

"किती दिले?" त्याने विचारलं.

"अठ्ठावीस. तुम्ही?"

"पंचवीस."

माझी बायको मला घरी 'अरे' म्हणते. परक्यांसमोर राग आला की 'अहो' म्हणते. "अहो," ती म्हणाली, "तुम्ही घासाघीस नव्हती केली?" खोली दोघांना विकली गेली होती, रात्रीचे साडेआठ वाजले होते, पोरं पेंगत होती, आणि घरातला खरा प्रश्न तीन हजारांचा होता.

मालककाकांचा फोन पाऊण तासाने लागला. देवाची आरती चालली होती म्हणे. त्यांचं म्हणणं अगदी सरळ होतं: माझा दुसरा हप्ता ठरल्यापेक्षा एक दिवस उशिरा आला, मधल्या दिवशी सांगलीकरांचा फोन आला, त्यांना वाटलं मी बारगळलो. "मग हप्ता आल्यावर परत का नाही पाठवलात?" मी विचारलं. "तुम्ही मागितला नाहीत," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, असलंच तर थोडं कौतुक होतं, की पोरगा किती समजूतदार आहे. पत्रात माझं नाव कसं आलं? तर बंगळुरूच्या मुलाला एका पत्रात घालायला सांगितलं होतं, त्याने दुसऱ्यातही घातलं. हल्लीची मुलं.

"दोघांत तडजोड करा," असं मी रिसेप्शनच्या मुलीला म्हणणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "सर, खोली तशीही कुणालाच देता येणार नाही. दोन वर्षांची वर्गणी थकलीय. १८,४०० रुपये. ते आल्याशिवाय किल्ली नाही." आणि मग, अगदी मृदू स्वरात, कारण गोव्यात उद्धटपणाही जेवणानंतर करतात: "आपण घरचेच आहात. आपण भरलेत तरी चालेल."

नात्याचा हा भाग कुणी घोकून घेतला नव्हता. मावसभावाचा आठवडा मिळतो तेव्हा मावसभावाची थकबाकीही मिळते. आम्ही दोघं मुळात त्याचे कुणी नाही, हे तिथे सांगता येत नव्हतं. सांगितलं तर पाहुणकी गेली. मावसभाऊ म्हणवून घ्यायचं तर खिशात हात घालावा लागत होता. आयुष्यात पहिल्यांदा मला कर्जदाराचा वारस झाल्यासारखं वाटलं, तेही मयत जिवंत असताना आणि नुकताच आरती करून बसलेला असताना.

९,२०० रुपये मी आणि ९,२०० सांगलीकरांनी भरले. सख्ख्या भावांत असा निम्मा-निम्मा हिशेब मी अजून पाहिलेला नाही. खोली स्टुडिओ: म्हणजे एकच खोली, एका कोपऱ्यात ओटा म्हणता येईल असा कट्टा, त्यावर एक इंडक्शन आणि दोन चमचे. दोन मोठे, दोन लहान, याहून एक डोकं जास्त चालणार नाही. म्हणून ठरलं असं, की पहिल्या तीन रात्री सांगलीकर, नंतरच्या चार आमच्या. ५१ जणांनी वाटून घेतलेल्या खोलीतला एका जणाचा आठवडा, त्याचेही आम्ही दोन तुकडे केले. शेतीत याला तुकडेबंदीचा कायदा आडवा येतो. कंपनीला मालकाचा ईमेल हवा होता. तो दोन मिनिटांत आला. मी तो जपून ठेवला आहे: 'दोघेही माझे मावसभाऊ आहेत. त्यांना आळीपाळीने राहू द्यावे. दोघांनी समजुतीने घ्यावे.'

पहिल्या तीन रात्री आम्ही त्याच रस्त्यावरच्या एका आंटीकडे राहिलो. रात्रीचे १,५०० रुपये, खिडकीबाहेर डुक्कर आणि चिकूचं झाड, सकाळी दारात पोदेराचा भोंगा, दुपारी शीत-कडी. आंटीने आम्ही कुणाचे कोण ते विचारलं नाही. आधारकार्ड पाहिलं, वहीत नाव लिहिलं, किल्ली दिली. या सहलीतला हा भाग इतका बिनबोभाट होता, की त्याबद्दल लिहायला काही नाही.

चौथ्या दिवशी आम्ही खोलीत गेलो आणि पाचव्या दिवशी मला फोन आला. सर, आपल्यासाठी एक छोटी भेट आहे, फक्त नव्वद मिनिटं, मात्र जोडीने या. बायको म्हणाली, "जोडीने म्हणजे मी येत नाही, म्हणजे तुलाही जाता येत नाही," आणि हा मी आजवर ऐकलेला टाइमशेअरविरोधातला सर्वांत पक्का युक्तिवाद आहे. पण तो मुलगा दारातच उभा राहिला. "सर, घरात सभासद असलेल्यांना खास सवलत आहे. आपले मावसभाऊ किती आनंदात आहेत!" मी त्याला म्हणालो, की मावसभाऊ फार आनंदात आहेत, हे मी खात्रीने सांगू शकतो.

परतीच्या गाडीत बायकोने तिकिटाच्या मागे हिशेब मांडला. २८,००० अधिक ९,२०० अधिक आंटीचे ४,५००, एकूण ४१,७००. भागिले सात: रात्रीला ५,९५७. "तरी हॉटेलपेक्षा स्वस्तच," मी म्हणालो. मग तिने रिसॉर्टमधल्या जेवणाचं बिल काढलं. आठवड्याच्या भाड्यात नाश्ता धरलेला नसतो, हे मला कट्ट्यावरचे दोन चमचे पाहून समजायला हवं होतं. मुंबईला उतरेपर्यंत मी पुढे काही बोललो नाही.

हल्ली ऑफिसात लोक मला या विषयातला जाणकार समजतात आणि विचारायला येतात. मी सांगतो ते एवढंच. मालकाने पाठवलेल्या पत्रावर जाऊ नका, स्वतः रिसॉर्टला फोन करा आणि खोली कुणाच्या नावावर आहे ते विचारा. पाहुण्याचं नाव कंपनीच्या यंत्रणेत चढलेलं असावं आणि तसा निरोप कंपनीकडून तुमच्या ईमेलवर यावा, शेजाऱ्याच्या व्हॉट्सॲपवरून नव्हे. चालू वर्षाची वर्गणी भरल्याची पावती मागा. मागायला संकोच वाटतो, कारण माणूस काका असतो. पण मी संकोचाचे ९,२०० भरलेले आहेत. काका अजून वेटिंगवर असताना पैसे उचलत नाहीयेत ना, ते पाहा. आठवडा त्यांचा असला तरी खोली मिळाल्याशिवाय त्या आठवड्याचं लोणचंही घालता येत नाही. निम्मे पैसे किल्ली हातात पडल्यावर द्या. चालत पाच मिनिटं म्हणजे कुणाची पाच मिनिटं तेही विचारा. काकांनी ती गुडघे जायच्या आधी मोजलेली असतात. आणि रिसेप्शनला खोटं बोलावं लागणार असेल, तर मुलं बरोबर नेऊ नका. नाहीतर सरळ आंटीकडे जा.

उरलेल्या पैशांसाठी मी काकांना चार फोन केले. पहिल्या तीन वेळा आरती चालली होती. चौथ्यांदा ते स्वतःच म्हणाले, की वर्गणी परस्पर भरलीत ते फार बरं केलंत, हल्ली सख्खीसुद्धा इतकं करत नाहीत. खोलीच्या पैशांचा विषय त्यांनी काढला नाही, मी काढला तेव्हा काकूंच्या गुडघ्यांचा निघाला.

गेल्या रविवारी त्यांचा निरोप आला, मला आणि सांगलीकरांना एकत्रच. त्यांनी आम्हा दोघांचा ग्रुप केला आहे. नाव 'मावस परिवार'. पुढच्या वर्षीची वर्गणी १० एप्रिलपर्यंत भरायची आहे, मे महिन्यातला महाबळेश्वरचा आठवडा मिळतोय, दोघांनी मिळून घेणार का? मी अजून उत्तर दिलेलं नाही. सांगलीकरांनी मात्र त्याच रात्री आम्हा दोघांच्या वतीने होकार कळवला. माझा वाटाही त्यांनी भरून टाकलाय, आणि सवडीने पाठवा म्हणालेत.